हो, स्टँडर्ड पूडल रिट्रीव्हर होतो, फक्त आपल्याकडे शिकारीचं विसरा

तुमचा प्रश्न वाचला. साताऱ्यात राहता, ९ आठवड्यांचं स्टँडर्ड पूडलचं पिल्लू आणलंय, त्याला पक्षी उचलून आणणारं शिकारी कुत्रं, म्हणजे रिट्रीव्हर, करायचंय आणि मित्र हसतायत की हे पार्लरमधलं कुत्रं, लॅब म्हणजे लॅब्राडोर घ्यायला पाहिजे होता. मी सांगलीचा, माझ्याकडं चार वर्षांची पूडल मादी आहे, भिंगरी नाव, म्हणून लिहितोय. ट्रेनर वगैरे नाही मी, चुका करत करत शिकलोय.

मित्र चुकतायत हे आधी सांगतो. पूडल मुळात पाण्यातलं शिकारी कुत्रंच आहे, नावच जर्मन पुडेलहुंडवरनं आलंय, म्हणजे पाण्यात छपाछप करणारं कुत्रं, आणि काम काय तर मालकानं पाडलेलं बदक पाण्यातनं आणून द्यायचं. ते गोंडे ठेवलेलं कटिंग बघून लोक हसतात ना, त्याचं मूळपण तिथंच आहे असं सांगतात, केस भिजून जड होऊ नयेत म्हणून बाकी अंग भादरायचं आणि छाती-सांधे गारठू नयेत म्हणून तेवढेच केस राखायचे. फॅशन नंतर झाली. आजपण अमेरिकन केनेल क्लबच्या रिट्रीव्हर टेस्टमध्ये लॅब आणि गोल्डन रिट्रीव्हरच्या शेजारी स्टँडर्ड पूडल उतरतो. एका माणसानं तर १९८८ ते १९९१ अलास्कातल्या इडिटारॉड शर्यतीत बर्फगाडीला पूडल जुंपलेले, आता बोला.

पण तुम्हीपण अर्धे चुकताय. आपल्याकडं शिकार बंद आहे, १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा, आणि त्यात शिकार म्हणजे फक्त गोळी घालणं नाही, जनावराचा पाठलाग करणं, हाकलणं, फासे लावणं आणि यातलं काही करायचा नुसता प्रयत्न पण शिकारच. म्हणजे "मी कुठं मारलं, कुत्र्यानं ससा पळवला फक्त" हे चालत नाही. तित्तर, लावा, ससा सगळं त्यातच आलं. रानातला कोण काका म्हणेल एकदा ससा दावा त्याला, मग बघा कसं तयार होतंय, तर हसून सोडून द्या. त्यांच्या डोक्यात कारवान असतो, मुधोळ असतो, जत-आटपाडीकडं फिरलात की दिसतील, ते कुत्रं नजरेनं हेरून पळून धरणारं. रिट्रीव्हरचं काम बरोब्बर उलटं. तो गप बसतो, वस्तू कुठं पडली ते बघून ठेवतो, सांगितलं की जातो, दात न रुतवता उचलतो आणि सरळ तुमच्या हातात आणून देतो. हे सगळं डमीवर, म्हणजे पक्ष्याच्या जागी फेकायच्या गुंडाळीवर, शिकवता येतं, एक पक्षी न मारता, आणि कुत्र्याला त्यात काडीचंही कमी वाटत नाही.

आता खरं सांगायचं ते हे. पळत जाऊन वस्तू तोंडात धरणं पिल्लाला येतंच, त्याचं कौतुक नको. सगळी मेहनत परत येण्यावर घ्यायची. मी नेमकं हेच बिघडवलं. भिंगरी जूनमध्ये आली, बाहेर पाऊस, घरात ती मोजा घेऊन पळायची आणि मी तिच्या मागं, ती कॉटखाली, मी पालथा पडून हात घालतोय, घरचे सगळे हसतायत, लई मजा. दोन आठवड्यांत तिला पक्कं कळलं की वस्तू तोंडात आली की पळायचं असतं, माणूस मागं येतो. ते मोडायला मला जवळजवळ तीन महिने लागले. पूडल एकदा बघून शिकतो आणि चुकीचं त्याहून लवकर शिकतो.

तर तुम्ही असं करा. घरात बोळ असेल तर बोळ, नसेल तर जिन्याखालची अरुंद जागा, सगळी दारं लावून घ्यायची, तुम्ही एका तोंडाला खाली बसायचं. मोज्याची गुंडाळी करून पाच-सहा फुटांवर टाकायची. पिल्लू जाईल, उचलेल, आणि त्याला यायला तुमच्याशिवाय दुसरी वाटच नाही. आलं की लगेच वस्तू ओढून घेऊ नका, हे सगळ्यात महत्त्वाचं, ते तोंडात तसंच राहू द्या, छातीवर-पाठीवर हात फिरवा, कौतुक करा, मग खाऊ नाकाजवळ न्या म्हणजे आपोआप सोडेल. लगेच हिसकावली की पुढच्या वेळी दोन फूट लांबच थांबतं. आणि दिवसात तीन-चार फेकी, बास. पाचवी मागत असेल तेव्हाच थांबायचं. लॅबला पन्नास वेळा टाका, पन्नास वेळा आणेल, पूडल सातव्या वेळी तुमच्याकडं बघतो की एवढंच पाहिजे होतं तर टाकलं कशाला.

कमांडचं एक सांगतो, हे कुठं लिहिलेलं नसतं. मराठीत "ये" आणि "दे" कुत्र्याला सारखेच ऐकू येतात, मी "दे" म्हणलं की भिंगरी डमी घेऊन अंगावरच चढायची, मग "दे" चं "सोड" केलं आणि प्रश्न मिटला. "बस" चंही तेच, घरात दिवसभर "बास झालं", "बास आता" चालू असतं, भाजी वाढताना कोण "बास" म्हणलं की ही बसायची. शेवटी बसायला शिट्टी ठेवली, एक लांब शिट्टी म्हणजे जिथं आहेस तिथं बस, आणि बारीक बारीक तीन-चार म्हणजे परत ये. मग ती कुकरच्या शिट्टीला बसायला लागली. अजून बसते, आई म्हणते निदान तीन शिट्ट्या झालेल्या तरी कळतात.

साडेतीन-चार महिन्यांपासनं सहाव्यापर्यंत दात पडतात, तेव्हा हिरड्या दुखतात, त्या दिवसांत फेकाफेक जवळजवळ बंद ठेवा, डमी तोंडात धरल्यावर दुखलं हे एकदा डोक्यात बसलं की निघत नाही. तेवढ्यात बसणं, थांबणं, दोरीवर नीट चालणं पक्कं करा. रिट्रीव्हरच्या कामात अर्धं काम थांबण्याचंच आहे.

डमी विकत घ्यायची गरज नाही सुरुवातीला. अर्धा लिटरची रिकामी बाटली, वर गोणपाट गुंडाळून सुतळीनं शिवायचं, एका टोकाला हातभर दोरी, गोफणीसारखी फिरवून सोडली की चांगली लांब जाते. रंग पांढरा घ्या. केशरी आपल्याला उठून दिसतो पण कुत्र्याला लाल आणि हिरव्यातला फरक नीट कळत नाही, गवतात त्याला केशरी डमी हरवल्यासारखीच. पिसाची सवय लावायची तर चिकनवाल्याकडनं कोंबडीचा पंख आणा, वाळवून डमीला बांधा, रानात सापडलेली पिसं उचलू नका, तोही कायद्याचा घोळ आहे.

मोकळ्या रानात पहिल्यांदा न्याल तेव्हा ज्वारी काढलेलं किंवा जनावरांनी चरून साफ केलेलं रान बघा, जिथं पडलेली वस्तू दिसते. दुसरा माणूस वीस-पंचवीस पावलांवर उभा करायचा, त्यानं आधी "हो हो हो" करून लक्ष वेधायचं मग डमी वर उंच टाकायची, पिल्लानं ती पडताना बघितली पाहिजे, तुम्ही गळपट्टा धरून ठेवायचा आणि नजर लागली की सोडायचं. अंतर हळूहळू वाढवा. येताना भरकटत असेल तर लांब हलकी दोरी बांधा आणि तुम्ही उलट्या दिशेला पळा, तुम्ही पळालात की ते मागं येतं. मी तीन महिन्यांत जे सुधारलं ते बहुतेक या पळण्यानंच, आमचे आप्पा म्हणायचे कुत्रं शिकतंय का तू.

दोन गोष्टी मात्र आपल्या भागातल्या. एक, उसाच्या कडेला अंधारात किंवा फटफटतानाच ट्रेनिंग करू नका, कराड-पाटण, शिराळा भागात उसात बिबट्या असतो आणि कुत्रं त्याचं आवडतं खाणं आहे, ऊन वर आल्यावर जा, उन्हाळ्यात मात्र नऊच्या आत आवरा. दुसरी, कुसळ. साताऱ्याच्या डोंगरउतारावर पावसाळ्यानंतर जे कुसळी गवत वाळतं ते पूडलच्या केसात शिरलं की वळत वळत कातडीपर्यंत जातं, पायाच्या बोटांत आणि कानात तर हमखास. मी एकदा कंटाळा केला, संध्याकाळी बघू म्हणलं, आठ दिवसांनी पंजा सुजला आणि डॉक्टरनी चिरून काढलं. फिरून आल्यावर बोटाबोटांत बघायचं. आणि कासला नेऊ नका, ते पठार २०१२ पासनं जागतिक वारशात आहे, जमिनीवर घरटी करणारे पक्षी असतात, आणि कास तलावाचं पाणी तुमच्याच सातारा शहराला येतं.

पाण्याबद्दल जरा जास्त लिहितो कारण लोक इथंच घोटाळा करतात. पूडलचं पिल्लू आहे म्हणून पाण्यात टाकून दिलं, असं कधी करू नका, एकदा घाबरलं की संपलं. उथळ, कोमट पाणी, तुम्ही स्वतः पँट वर करून आत चालायचं, ते मागं येईल. पोटाला पाणी लागेपर्यंत फक्त खेळायचं, मग दोन फुटांवर डमी, मग हळूहळू जिथं पाय टेकत नाहीत तिथं. जागा कुठली, हा आमच्याकडं मोठा प्रश्न. सांगलीत कृष्णेत मगरी आहेत, भिलवडी-औदुंबरपासनं खाली डिग्रजपर्यंत, माणसांवर हल्ले झालेत, कुत्र्याची काय कथा, त्यामुळं नदीचं नाव काढायचं नाही. शेततळं जवळ असतं म्हणून मोह होतो, तासगावला मामांच्या द्राक्षबागेत आहे, पण त्याला प्लास्टिकचा कागद असतो, उतार तीव्र आणि शेवाळानं निसरडा, आत पडलेलं कुत्रं पोहता येत असूनही वर चढू शकत नाही, दमून बुडतं. दरवर्षी कुणाचं ना कुणाचं जनावर जातंच त्यात. आम्ही एका पाझर तलावाच्या मातीच्या उताराकडनं जायचो, गावातल्यांना विचारून. साठलेल्या पाण्यात लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा आजार) असू शकतो म्हणून त्याची लस झालीय का ते डॉक्टरांना विचारा, आणि पोहून आल्यावर कान आतनं कोरडे करा, पूडलच्या कानात केस असतात, ओल राहिली की वास यायला लागतो.

आवाजाची भीती. शिकारी कुत्रं बंदुकीला दचकून चालत नाही, आपल्याला बंदूक नसली तरी दिवाळी आहेच. भिंगरी सहा महिन्यांची असताना गल्लीत कुणीतरी तिच्या शेजारीच सुतळी बॉम्ब लावला, त्यानंतर ती फेकलेली डमीपण बघेना, बाथरूममध्ये जाऊन बसायची. त्यातनं बाहेर काढलं मामांच्या बागेनं. जानेवारीत द्राक्षात साखर भरायला लागली की पाखरं हाकलायला दिवसभर फटाके आणि कार्बाइडच्या नळीचे आवाज चालू असतात. आम्ही अर्धा किलोमीटरवर, जिथनं आवाज जेमतेम ऐकू येतो तिथं बसून तिला चिकन द्यायचो, ठो झालं की तुकडा, ठो झालं की तुकडा. रोज थोडं जवळ. महिन्याभरानं ती आवाज झाला की माझ्या खिशाकडं बघायला लागली. तुमचं पिल्लू लहान आहे, तुम्ही ही वेळ येऊच देऊ नका, आत्ताच जेवताना लांबनं थाळी वाजवा, हळू हळू जवळ.

मारू नका, कान पिळू नका. बाहेरचे काही जुने लोक डमी तोंडात धरायला लावताना कान दाबतात, कणखर लॅब ते सोसतो, पूडल तसा नाही. मी एकदा वैतागून ओरडलो तर दोन दिवस ही डमीकडं पाठ करून बसली, खायला आली पण माझ्याकडनं नाही, आईकडनं.

किती जमलं की जमलं म्हणायचं, तर अमेरिकेतल्या ज्युनिअर हंटर या सुरुवातीच्या रिट्रीव्हर टेस्टचं माप धरा, जमिनीवर दोन आणि पाण्यात दोन अशा एकेक फेकी, शंभर यार्डांच्या आत, कुत्र्यानं बघून जायचं आणि हातात आणून द्यायचं, त्या टेस्टमध्ये सोडेपर्यंत गळपट्टा हलका धरलेलाही चालतो. भिंगरी हे दीड वर्षाची असताना करायला लागली. न दिसलेली वस्तू नुसत्या हातवाऱ्यांवर आणणं तिला अजून अर्धवटच जमतं, दोष माझा आहे.

राहिलं एक. पिल्लू खरंच स्टँडर्ड आहे का ते बघून घ्या, मला पहिल्यांदा जे दाखवलं होतं ते मिनिएचर, म्हणजे पूडलचाच छोटा प्रकार, निघालं, आईबापांना समोर बघायचं, मोठा स्टँडर्ड खांद्याला ४५ ते ६० सेंटीमीटर असतो. जमलं तर आईबापांच्या खुब्याचे एक्स-रे मागा. वर्ष-सव्वा वर्षाचं होईपर्यंत उंचावरनं उड्या मारायला लावू नका. मोठं झाल्यावर पोटभर खाऊन लगेच पळवू नका, या जातीत पोट फुगून पीळ पडतो आणि मग तासांचा खेळ असतो. केसांचं म्हणाल तर सगळीकडं इंचभर ठेवून मारायला सांगा, डोळ्यांवरचे मोकळे. आमच्या इथल्या ग्रूमरनं पहिल्यांदा मोबाइलवर फोटो बघून शेपटीला गोंडा ठेवला होता, आप्पा म्हणाले मेंढरू आणलंस ते आणलंस वर नवरीगत सजवून आणलंस, आता तेच रोज सकाळी गोणपाटाची डमी घेऊन तिला गच्चीवर नेतात आणि मला हात लावू देत नाहीत.