दुसऱ्या खर्ड्यात काय दिसते?

प्रश्न : मी अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. शाळेत माझ्या निबंधांचे नेहमी कौतुक होत असे. आता कथालेखनाचा छंद जोपासावा असे वाटते. तीन कथा लिहिल्याही आहेत. मैत्रिणींना त्या आवडल्या, पण बाबांचे म्हणणे असे की, अंगात तो गुण आहे का हे आधी तपासावे आणि मगच त्यात वेळ घालवावा. लेखनाची प्रतिभा मोजणारी एखादी चाचणी असते का? सोबत एक कथा पाठवत आहे.

उत्तर : तुमचे पत्र आणि कथा ही दोन्ही मी दोनदा वाचली. तुम्ही चाचणीबद्दल विचारले आहे, तेव्हा तिथूनच सुरुवात करतो. आम्ही समुपदेशक जी अभियोग्यता चाचणी घेतो, तिच्यात शाब्दिक क्षमतेचा एक भाग असतो. समानार्थी शब्द, उताऱ्याचे आकलन, शब्दांमधील संबंध अशा गोष्टी त्यात तपासल्या जातात. परंतु त्यात उत्तम गुण मिळवणारी व्यक्ती चांगली कथा लिहील असे मुळीच नाही, ती कदाचित चांगली वकील होईल. सर्जनशीलतेच्या म्हणून ज्या चाचण्या १९५० नंतर मानसशास्त्रात रूढ झाल्या, त्यांत विटेचे किती वेगवेगळे उपयोग सुचतात यासारखे प्रश्न असतात. त्यातून भराभर आणि वेगळे सुचण्याची शक्ती कळते. कथा लिहिताना मात्र सुचलेल्या वीस गोष्टींपैकी एकोणीस टाकून द्याव्या लागतात आणि नेमके काय टाकावे, ही जाण अशा प्रश्नांतून कळत नाही.

मानसशास्त्रज्ञ टेरेसा अमाबिले यांनी १९८२ मध्ये याहून सरळ पद्धत मांडली. त्या क्षेत्रातील जाणकारांनी प्रत्यक्ष कृती पाहावी, एकमेकांशी न बोलता आपापले मत द्यावे आणि ती मते कितपत जुळतात हे तपासावे. याचा अर्थ असा की, प्रतिभेचा अंदाज लिहून झालेल्या मजकुरावरून येतो, त्याआधी नाही. बाबांची काळजी मला समजते, पण आधी मोजायचे आणि मग सुरुवात करायची, अशी सोय या कामात नाही, हे त्यांना माझ्या वतीने अवश्य सांगा. मैत्रिणींच्या पसंतीचा आनंद घ्या, मात्र तिला माप मानू नका. त्या कथेबरोबर तुम्हालाही वाचत असतात.

आता तुमच्या कथेकडे येतो. आजोबा गेल्यानंतरच्या घराची ही कथा आहे. पहिल्या पानावर ‘तिच्या हृदयात दुःखाचा महासागर उसळला’ असे वाक्य आहे. शाळेतल्या निबंधात या वाक्याला गुण मिळाले असतील, त्याबद्दल तक्रार नाही. परंतु हा महासागर कोणाच्याही आजीचा असू शकतो. तिसऱ्या पानावर मात्र आजी आजोबांचा चष्मा पदराने पुसते, चष्म्याच्या घरात ठेवते आणि झाकण ‘टक्’ वाजले की दाराकडे पाहते. वर्तमानपत्र वाचून झाले की आजोबा तसेच झाकण वाजवून फिरायला निघत, हे तुम्ही दोन पाने आधी सहज सांगून ठेवलेले आहे. हे जुळवणे तुम्ही वाचकावर सोडले आणि तिथे मी थांबून ते वाक्य पुन्हा वाचले. दुर्दैवाने लगेच पुढे ‘तिला त्यांची फार आठवण येत होती’ असे लिहून तुम्ही ती जागा बुजवून टाकली आहे.

तुमच्या प्रश्नाचे उत्तर मला याच तीन वाक्यांत दिसते. पाहण्याची नजर तुमच्याकडे आहे. आपल्याच मजकुरातले खरे कुठले आणि उसने कुठले, हे ओळखण्याची सवय अजून लागलेली नाही, आणि ती प्रयत्नाने लागते. म्हणून कथा महिनाभर बाजूला ठेवा, नंतर मोठ्याने वाचा, जिथे जीभ अडखळते किंवा स्वतःलाच संकोच वाटतो तिथे खूण करा आणि मग जुनी प्रत समोर न ठेवता ती पुन्हा लिहा. दुसरा खर्डा पहिल्यापेक्षा बरा झाला, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे तो लिहिण्याची ओढ वाटली, तर ती कोणत्याही चाचणीपेक्षा विश्वासार्ह खूण समजा. प्रसिद्ध रशियन कथाकार अंतोन चेखव २६ वर्षांचे असताना, १८८६ मध्ये, दिमित्री ग्रिगोरोविच या ज्येष्ठ लेखकाने त्यांना पत्र पाठवून घाईने लिहिणे सोडण्याचा सल्ला दिला होता. एकाही कथेवर आपण एका दिवसाहून अधिक वेळ दिल्याचे आठवत नाही, अशी कबुली चेखव यांनी उत्तरात दिली. तेव्हा ते डॉक्टर झालेले होते आणि पुढेही रुग्ण तपासत राहिले. त्यामुळे तुम्हालाही लेखन की अभियांत्रिकी, असा निवाडा आज करण्याचे कारण नाही.

वेळेचे म्हणाल, तर आठवड्यातून तीन दिवस, ठरलेल्या वेळी एकेक तास पुरे. परीक्षेच्या महिन्यात तेही बंद ठेवले तरी बिघडत नाही. कार्यशाळेला जायचे तर जा, पण ती लेखनाला पर्याय नव्हे. स्पर्धांबाबत मात्र थोडे जपून राहा. अमाबिले यांनीच १९८५ मध्ये ७२ लिहित्या तरुणांवर एक प्रयोग केला होता. त्यात कवितेपूर्वी ज्यांना पैसा, प्रसिद्धी अशा बाहेरच्या कारणांचा विचार करायला लावले, त्यांच्या कविता परीक्षकांना कमी सर्जनशील वाटल्या. कथा स्पर्धेला पाठवायला हरकत नाही. ती लिहून पूर्ण झाल्यावर स्पर्धा शोधा, स्पर्धा पाहून कथा लिहू नका, एवढेच. एखाद्या ठिकाणाहून नकार आला, तर तो त्या कथेपुरता आणि त्या परीक्षकापुरता समजावा.

पुन्हा लिहिलेली कथा मला महिन्याभराने जरूर पाठवा. त्यात आठवणीचे ते वाक्य नसेल असे मी धरून चालतो. पहिल्या पानावरचा महासागर मात्र राहिलाच, तर तो का ठेवला, हे सोबत दोन ओळींत लिहा.