ऐकायला शिकताना आधी उत्तराची घाई सोडा

नीट ऐकायला शिकायची सुरुवात कुठून करू, असं विचारलंत. मी म्हणेन, समोरच्याचं वाक्य पूर्ण होऊ देण्यापासून. वाटतं तितकं हे सोपं नाही. दहा भाषांतल्या संभाषणांच्या २००९ सालच्या एका अभ्यासात असं दिसलं की प्रश्न आणि उत्तर यांच्यात सरासरी जेमतेम २०० मिलिसेकंदांचं अंतर असतं. म्हणजे समोरचा बोलत असतानाच आपलं उत्तर तयार होतं आणि त्याचे शेवटचे शब्द निसटतात. तो थांबला की एक श्वास घ्या, मग बोला. बऱ्याचदा तोच पुढे बोलू लागतो आणि मनातलं तेव्हा बाहेर येतं.

समजा, मैत्रीण म्हणाली, "नोकरी सोडावीशी वाटतेय." लगेच "अगं, वेडी आहेस का?" किंवा "माझंही असंच झालं होतं" नको. "का गं, काय झालं?" एवढंच विचारा. मग कळलेलं आपल्या शब्दांत तिला सांगून बघा: "म्हणजे काम आवडतंय, पण साहेब चारचौघांत बोलले ते सलतंय, असंच ना?" चुकलं तर ती दुरुस्त करेल, आणि ती दुरुस्तीच सगळ्यात मोलाची. तिचेच शब्द पोपटासारखे मात्र परत म्हणू नका, त्याने माणूस चिडतो.

फोन नजरेआड ठेवा. मान डोलावण्याचा वेगळा सराव नको, ते आपोआप येतं. फार थकला असाल तर सरळ सांगा, "आत्ता डोकं चालत नाहीये, रात्री निवांत बोलूया?" आणि रात्री आठवणीने स्वतः फोन करा.