टुडू फाईलमध्ये नोट्स कुठे लिहायच्या, आणि मी काय लिहिलं नाही

तुम्ही लिहिलंय की ऑगस्टमध्ये बायको आणि तिसरीतल्या मुलीला घेऊन जर्मनीत न्यूरेंबर्गला येताय, कामांची यादी टुडू डॉट टीएक्सटी या साध्या टेक्स्ट फाईलमध्ये ठेवता, पण जे काम महिनोन्महिने चालू राहतं त्याच्या नोट्स कुठे ठेवायच्या ते जमत नाहीये. मी नाशिकहून 2021 मध्ये इथेच आले, तीच फाईल अजून वापरते, म्हणून राहवलं नाही. व्हिसा, इन्शुरन्स, पत्त्याची नोंदणी हे सगळं सरकारी साईटवर नीट दिलंय, ते सोडून देते.

जीना ट्रपानी या अमेरिकन ब्लॉगर-प्रोग्रामर बाईनं 2006 मध्ये हा फॉरमॅट काढला तो एक ओळ म्हणजे एक काम या हिशोबानं. प्लसचं चिन्ह लावून प्रोजेक्ट, ॲट लावून जागा, काम झालं की ओळीच्या सुरुवातीला छोटा एक्स, बस. नोट्सना त्यात जागाच नाही. मी राहण्याच्या परमिटच्या कामाला ओळीच्या शेवटी नोट:परमिट असं मधे जागा न सोडता लिहिते आणि परमिट नावाची दुसरी साधी फाईल उघडते. नवीन नोंद वर, जुनी खाली, आणि प्रत्येक नोंदीत तारीख, कोणाशी बोलले, ते काय म्हणाले, आता पुढचं कोणी करायचंय. कामांच्या यादीसाठी ऑर्ग-मोड वापरत असाल तर कामाच्या खालीच तारखेसकट नोट पडते, टास्कवॉरिअर या दुसऱ्या प्रोग्राममध्ये नोट जोडायला ॲनोटेट कमांड आहे, दोन्ही छान आहेत, पण मला नवऱ्याच्या फोनवरही उघडेल अशी फाईल हवी होती.

इथे जवळजवळ प्रत्येक सरकारी पत्रावर आक्टनत्साइशन म्हणजे फाईल नंबर असतो, तो नोटच्या अगदी वरच्या ओळीत लिहा. पत्र पेटीत कधी पडलं ती तारीखही लिहा, कारण निर्णयावर हरकत घ्यायची मुदत बहुतेक वेळा एकच महिना असते. पिवळ्या पाकिटातलं पत्र आलं तर पाकीट फेकू नका, त्याच्यावर पोस्टमननं लिहिलेली तारीखच धरतात. परमिट रिन्यू करताना माझ्याकडे तेच पगाराचे कागद तीनदा मागितले, तिसऱ्यांदा मी फोनवर फाईल उघडून वाचून दाखवलं की अमुक तारखेला मेल केला, अमुक तारखेला मिळाल्याचं उत्तर आलं, आणि मग समोरच्या बाईंना ते कागद तिथल्या तिथे सापडले. अजून आठवलं की राग येतो. आधीच्या दोन वेळा मी काय खोटं बोलत होते का?

पण खरं सांगायचंय ते शाळेचं. बायर्नमध्ये, म्हणजे न्यूरेंबर्ग ज्या राज्यात आहे तिथे, चौथीच्या मे महिन्यात मुलाच्या हातात एक सर्टिफिकेट देतात, जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास या तीन विषयांची सरासरी, इथे 1 म्हणजे सगळ्यात चांगला, 2.33 पर्यंत असेल तर गिम्नाझियम, म्हणजे थेट विद्यापीठाकडे नेणारी शाळा, 2.66 पर्यंत रेआलशूले, म्हणजे दहावीपर्यंतची मधली शाळा. माझा मुलगा तिसरीत इथे आला, गणितात 2, परिसरात 2, जर्मनमध्ये 4. सरासरी 2.66. आता, जो मुलगा पहिलीपासून जर्मन शाळेत नव्हता आणि ज्याची मातृभाषा जर्मन नाही, त्याची फक्त भाषा कच्ची पडत असेल आणि ती सुधारेल असं शाळेला वाटलं तर 3.33 पर्यंतही त्याला गिम्नाझियमसाठी योग्य ठरवता येतं. हे त्याच्या वर्गाच्या बाईंनी चौथीच्या नोव्हेंबरमधल्या पालक मीटिंगमध्ये सांगितलं होतं, एकदाच, भरभर, जर्मनमध्ये. मला तेव्हा अर्धंमुर्धं कळलं, घरी जाऊन विचारू म्हटलं, आणि लिहिलं नाही. माझ्या परमिटच्या फाईलमध्ये तेव्हा चाळीस नोंदी होत्या, +शाळा प्रोजेक्टमध्ये एकच ओळ होती, ‘मीटिंगला जाणे’, तिला मी त्याच रात्री एक्स लावून टाकला. मे महिन्यात शाळेनं आपणहून काही म्हटलं नाही, आणि मला विचारायचं सुचलंच नाही. सरासरी न जमलेल्या मुलांसाठी तीन दिवसांचे ट्रायल तास असतात गिम्नाझियममध्ये, तिथेही नाही पाठवलं, त्याला परत परीक्षेला बसवायचा धीर झाला नाही. जूनमध्ये एका तुर्की आईनं बागेत सहज सांगितलं तेव्हा कळलं.

तो रेआलशूलेत बरा आहे, मित्र आहेत, दहावीनंतर पुढचे रस्तेही आहेत, सगळे मला हेच सांगतात. मला ते ऐकून बरं वाटत नाही.

एकटेपणाचंही विचारलंत. येतो. नोव्हेंबरात साडेचारला अंधार पडतो तेव्हा जास्त येतो, दर रविवारी ‘आईला फोन’ ही ओळ परत येते आणि मी फोन करते. याहून जास्त माझ्याकडे काही नाही.

तुमची मुलगी सप्टेंबरमध्ये चौथीत बसली तर तुमच्याकडे आठच महिने आहेत. पोचल्याच्या पहिल्या आठवड्यात शाळा नावाची फाईल उघडा, पहिली नोंद हीच टाका की 3.33 चा नियम तिला लागू होतो का, आणि ते तिच्या वर्गाच्या बाईंना मेलवर विचारा, तोंडी नको.