नेक आधी बसव, रंग नंतर

कोल्हापूर

प्रिय मित्रा,

घरी जोडायच्या इलेक्ट्रिक गिटारच्या किटचं खोकं उघडलं की आधी बॉडी रंगवावीशी वाटते. तो मोह आवर. सगळी गिटार एकदा कोऱ्या लाकडावर जोडून बघ, भोकं पाडून घे, मग सुटी करून पॉलिशला लाग. रंग खरवडून पुन्हा देता येतो, वायरिंगही पुन्हा करता येतं. नेकची, म्हणजे गिटारच्या दांड्याची, चार भोकं मात्र तिरकी पडली तर तार कायम फ्रेटबोर्डच्या (नेकवरच्या, बोटं दाबायच्या पट्टीच्या) एका कडेवरून घसरत राहते.

नेकचं बूड बॉडीच्या खाचेत हाताच्या दाबाने बसलं पाहिजे. हातोडी अजिबात नको, खाचेची पातळ भिंत लगेच चिरते. घट्ट वाटलं तर बुडाच्या बाजूंना मऊ पेन्सिल घास, बसवून काढ आणि खाचेच्या भिंतीवर जिथे डाग उमटला तिथेच, सपाट ठोकळ्यावर २४० नंबरचा पॉलिश पेपर गुंडाळून, जरासं घास. बाजूला कागदाएवढी फट राहिली तर बिघडत नाही. तळ मात्र स्वच्छ आणि सपाट हवा. तिथे सीलरचा (पॉलिशआधीच्या अस्तराचा) एखादा थेंब वाळलेला असला तरी नेक डुगडुगतो.

आता मापं. बहुतेक किटांची स्केल, म्हणजे तारेच्या वाजणाऱ्या भागाची लांबी, २५.५ इंच (६४८ मिमी) असते. नटपासून (नेकच्या वरच्या टोकाच्या खाचांच्या पट्टीपासून) बाराव्या फ्रेटपर्यंत (फ्रेट म्हणजे फ्रेटबोर्डवरची धातूची आडवी पट्टी) ३२४ मिमी भरले, तर बाराव्या फ्रेटपासून ब्रिजवरच्या पहिल्या, म्हणजे सर्वांत बारीक, तारेच्या सॅडलपर्यंतही (बॉडीवर तार जिथे टेकते त्या तुकड्यापर्यंत) ३२४च हवेत. जाड तारेचं सॅडल दोन-तीन मिमी मागे जातं, तेवढी जागा मागे शिल्लक आहे ना ते बघ. मग ब्रिजच्या दोन्ही टोकांच्या सॅडलपासून नटच्या बाहेरच्या दोन खाचांपर्यंत दोरे ताणून बांध. शेवटच्या फ्रेटपाशी दोन्ही दोऱ्यांचं कडेपासूनचं अंतर सारखं येईपर्यंत नेक हलव, आणि मधे कापड घालून क्लॅम्प आवळ. या कामाला अर्धा तास लागला तरी लागू दे.

क्लॅम्प तसाच ठेवून बॉडीच्या भोकांतून नेकवर खुणा कर. नेहमीचा ४.२ मिमीचा स्क्रू असेल तर बॉडीतलं भोक ४.५ मिमी हवं, स्क्रू त्यातून मोकळा सरकला पाहिजे. बॉडीतही आटे धरले तर कितीही आवळलंस तरी नेक आणि तळ यांत फट राहते, आणि नेमकं हेच नवख्याच्या लक्षात येत नाही. मेपलच्या नेकमध्ये भोक ३ मिमीचं पाड. बॉडीच्या मागची धातूची पट्टी लावून स्क्रू खाचेच्या तळातून किती वर येतो ते मोज (४५ मिमीचा स्क्रू साधारण १५-१६ मिमी येतो), त्याहून एक मिमी जास्त खोलीवर ड्रिल बिटला चिकटपट्टी गुंडाळ. चिकटपट्टी नसेल तर बिट फ्रेटबोर्ड फोडून वर यायला वेळ लागत नाही. हातड्रिलचा भरवसा नसेल तर उद्यमनगरात एखाद्या वर्कशॉपमध्ये ड्रिल मशीनवर पाडून घे, पण फ्रेटबोर्डखाली सपाट आधार आणि कापड ठेवायला सांग. स्क्रूला साबण चोळ. सुकं पिरगाळलंस तर मेपलमध्ये स्क्रूचं डोकं तुटतं. भोक चुकलंच तर कठीण लाकडाची गोल खुंटी फेव्हिकॉल लावून ठोक, रात्रभर वाळू दे, मग नव्याने पाड. ट्यूनरच्या (तारा पिळायच्या खुंट्यांच्या) बारीक स्क्रूंनाही आधी १.५ मिमीचं भोक आणि साबण हवाच.

पॉलिशसाठी मी चपडा (लाखेच्या पापड्या) सुचवेन. १०० मिली स्पिरिटला १२ ग्रॅम चपडा रात्रभर भिजव, गाळून घे. लाकूड १८०, २४०, ३२० असं रेषेच्या दिशेनेच घास. सिसमच्या फ्रेटबोर्डला चिकटपट्टी लाव, त्याला पॉलिश नको. मेपलचा असेल तर हवं. बुडाला आणि खाचेला काहीच लावू नकोस, थर चढला की बसलेलं माप बिघडतं. कापडाच्या बोळ्याने पातळ हात दे, सहा-आठ पुरेत. आपल्याकडच्या जुलैच्या पावसात चपड्यावर पांढुरकी झाक येते, म्हणून उघडीप बघून दुपारी काम कर. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत एकदा जाऊन ये; बोळा लाकडावर न थांबता कसा फिरतो हे नुसतं बघूनही बरंच शिकशील. शेवटी बारीक स्टील वूलने चमक मारायची असेल तर ती पिकअपपासून (तारांखालच्या, आवाज पकडणाऱ्या चुंबकी भागापासून) लांब मार, कारण लोखंडाचे कण चुंबकाला चिकटले की निघत नाहीत.

तारा चढवून सुरात आणल्यावरच ट्रस रॉडला (नेकच्या आतल्या, त्याचा बाक कमी-जास्त करणाऱ्या सळईला) हात लाव. पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा), शेवटचा फ्रेट दाबलेला, सातव्या-आठव्यापाशी तार आणि फ्रेट यांत ०.२ ते ०.२५ मिमी अंतर. जास्त असेल तर घड्याळाच्या दिशेने पाव फेरा, आणि पुन्हा मोज. जोर लागू लागला तर थांब.

दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की लाकूड आक्रसतं आणि फ्रेटची टोकं तळहाताला टोचू लागतात. तेव्हा फ्रेटबोर्डच्या कडेला चिकटपट्टी लावून बारीक कानशीने फक्त टोकंच घास.

तुझा,
काका