विश्वामित्री नदीतली मगर स्वतःचीच पिल्लं खाते का?

नाही हो, अजिबात नाही. काळाघोडा पुलावरून कुणाला मगरीच्या जबड्यात पिल्लू दिसलं की आपल्या बडोद्यात लगेच बोभाटा होतो. पण ती त्याला पाण्यात नेत असते.

मगर उन्हाळ्याच्या सुरुवातीला काठाच्या मातीत खड्डा करून साधारण २५-३० अंडी घालते. दोनेक महिन्यांनी, पावसाच्या तोंडावर, पिल्लं अंड्याच्या आतूनच आवाज द्यायला लागतात. तो ऐकून आई माती उकरते. आफ्रिकेतल्या नाईल मगरींवर २००८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात हा आवाज ध्वनिमुद्रित करून ऐकवला, तर बाकीच्या अंड्यांतली पिल्लंही बाहेर यायला लागली! एखादं अंडं फुटत नसेल तर मगर ते जीभ आणि टाळू यांच्यामध्ये अलगद घोळवते, टरफल तडकतं आणि पिल्लू धडधाकट बाहेर येतं. हाडं फोडणाऱ्या जबड्याला हे जमतं, कारण त्यावरच्या बारीक ठिपक्यांची स्पर्शजाणीव आपल्या बोटांच्या टोकांपेक्षाही तीव्र असते.

मला सगळ्यात भावतं ते बापाचं वागणं. चेन्नईजवळच्या मगर केंद्रात नरही पिल्लं तोंडात धरून पाण्यात नेताना दिसले. १९८६ साली त्यावर शोधनिबंध आला.

मात्र जूनच्या सुमारास ही आई काठावर कुणालाच फिरकू देत नाही. पिल्लं एकटी वाटली तरी हात लावू नका, वनखात्याला कळवा.