बर्फ पडून गेल्यावर ऊन निघालं की निघायचं का?

मनालीला दोन दिवस बर्फ पडणार, तिसऱ्या दिवशी कडक ऊन, आणि त्याच दिवशी तुमचा इंदूरचा ग्रुप सोलंगहून धुंदीमार्गे ब्यासकुंडकडे निघणार, गाईड म्हणतोय मौसम खुललाय, चला. माझं स्पष्ट मत, त्या दिवशी नका जाऊ, हिमस्खलनाचा धोका असतो.

आकाश साफ झालं की आपल्याला वाटतं धोका गेला, पण डोंगरात तोच दिवस सगळ्यात वाईट असतो, कारण नवा बर्फ अजून खालच्या थराला नीट धरलेला नसतो आणि वरून ऊन लागलं की त्याच्यात पाणी मुरायला लागतं. त्यात वारा असेल तर डोंगराच्या धारेच्या एका बाजूचा बर्फ उचलून दुसऱ्या बाजूला जाड थर करून ठेवतो, दिसायला एकदम गुळगुळीत, सुंदर. तीच जागा टाळायची. 24 तासांत फूटभर बर्फ पडला असेल तर निदान एक-दोन दिवस थांबा, आणि जुन्या बर्फात कच्चा थर दबलेला असेल तर तेवढंही पुरत नाही.

उताराचं बघा. बहुतेक हिमस्खलनं 30 ते 45 अंशांच्या उतारावर होतात, मोबाईलमध्ये उतार मोजायचं ॲप येतं, ते टाकून घ्या. पण आपण सपाटीवर चालतोय म्हणून निवांत राहायचं नाही, वरती तसा उतार असेल तर तो खालीच येणार, आणि धुंदीच्या आसपास दरी अरुंद आहे. इंदूरजवळच्या जानापाव डोंगरावर पळत चढणारी पोरं आहेत तुमच्यात, दम चांगला आहे, पण दमाचा इथे काही संबंध नाही.

चालताना बुटाखाली बर्फ धप्पकन बसल्याचा आवाज आला, पावलापासून भेग पळत गेली, किंवा उन्हात उतारावरून बर्फाचे गोळे आपोआप घरंगळायला लागले, तर वाद न घालता आल्या वाटेने मागे फिरायचं. पुढे दोन ग्रुप गेलेत, वाट पडलीय, हे ऐकून पुढे जाऊ नका, थर दहाव्या माणसाच्या वजनानेही सुटतो. बऱ्याचदा हा थर अडकलेल्याच्या किंवा त्याच्याच सोबत्याच्या वजनाने सुटलेला असतो.

अनुभवी माणसंही यातून सुटत नाहीत. 4 ऑक्टोबर 2022 ला उत्तराखंडातल्या द्रौपदी का डांडा शिखरावर हिमस्खलनात उत्तरकाशीच्या नेहरू पर्वतारोहण संस्थेच्या ट्रेनिंगमधले 29 जण गेले, आणि ते सगळे शिकायला, शिकवायलाच तिथे होते हो.

दबलेला माणूस पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत काढला तरच खरी आशा असते, अर्ध्या तासानंतर फार कमी. म्हणजे मनालीहून कोणी येईपर्यंत काही उरत नाही, जे करायचं ते तुम्हीच. म्हणून गाईडला विचारा, प्रत्येकाकडे बीकन (बर्फाखालच्या माणसाचा ठाव लावणारं सिग्नलचं यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) आणि फावडं आहे का, आणि ते वापरता येतं का. बीकन एकट्या गाईडकडे असून उपयोग शून्य.

डीजीआरई या डीआरडीओच्या संस्थेचं हिमस्खलन बुलेटिन रोज बघा, आणि परतीचं तिकीट दोन दिवस पुढचं काढा, म्हणजे थांबायचं ठरलं तर ट्रेनच्या घाईपायी कोणी निघायचा आग्रह धरणार नाही.