आईची केमो चालू असताना कॅन्सर संशोधनावरच्या व्याख्यानाला जावं का?

तुम्ही लिहिलंय की आईची केमो चालू आहे, नाशिकमध्ये एका शास्त्रज्ञाचं कॅन्सर संशोधनावर जाहीर व्याख्यान आहे आणि तुम्ही कॉमर्सचे. तर जाऊन काही कळेल का, की नुसती भीती वाढेल?

जरूर जा. आईला मात्र नेऊ नका. केमोमध्ये जंतूंशी लढणाऱ्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी खाली येतात, आणि भरलेल्या सभागृहात कोण कुठे खोकेल सांगता येत नाही.

मी पहिल्यांदा अशा व्याख्यानाला गेलो तेव्हा मावशीला जाऊन दीड वर्ष झालं होतं. गर्भाशयमुखाचा कॅन्सर, कळला तोच तिसऱ्या स्टेजला. तिला घेऊन सिन्नरहून फेऱ्या मारताना डॉक्टरांना नेमकं काय विचारायचं हेच आम्हाला सुचत नसे. व्याख्यान गंगापूर रोडला होतं, सातपूरची शिफ्ट संपवून तसाच गेलो. जनुकं, प्रथिनं हा भाग बराचसा डोक्यावरून गेला. मग त्या शास्त्रज्ञ बाईंनी टेबलावर व्हिनेगरची छोटी बाटली ठेवली. हेच ॲसिटिक ॲसिड पातळ करून गर्भाशयमुखाला लावायचं आणि मिनिटभर थांबायचं. संशयास्पद जागा पांढरी पडते. टाटा मेमोरियलने मुंबईच्या झोपडपट्ट्यांमध्ये सुमारे दीड लाख बायकांवर याचा अभ्यास केला. तपासणाऱ्या डॉक्टर नव्हत्या, प्रशिक्षण दिलेल्या आरोग्य कार्यकर्त्या होत्या. दर दोन वर्षांनी एक अशा चार फेऱ्या झाल्या आणि या कॅन्सरचे मृत्यू 31 टक्क्यांनी कमी झाले.

मी खुर्चीत सुन्न बसलो होतो. मावशीच्या स्वयंपाकघरात व्हिनेगर होतं.

पुढे त्यांनी उस्मानाबाद जिल्ह्यातला, म्हणजे आताच्या धाराशिवचा अभ्यास सांगितला. बार्शीच्या कॅन्सर हॉस्पिटलची मंडळी त्यात होती, 1,31,746 बायका होत्या, निष्कर्ष 2009 साली छापून आले. तिथे व्हिनेगरची तपासणी एकदाच झाली आणि मृत्यू ठळकपणे घटले नाहीत. हा कॅन्सर ज्याच्यामुळे होतो त्या एचपीव्ही विषाणूची तपासणी मात्र एकदाच करूनही मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. मी कारखान्यात क्वालिटीला आहे. माप तपासायचं गेज एकदाच लावणं आणि दर लॉटला लावणं यातला फरक मला माहीत आहे, त्यामुळे चार फेऱ्यांचं महत्त्व मला कुणी वेगळं सांगावं लागलं नाही. तपासणी कुठली आणि किती वेळा, यावर जीव अवलंबून असतो हे त्या दिवशी डोक्यात पक्कं बसलं.

प्रश्नोत्तरांत मी धीर करून उठलो. मावशीच्या आजारपणात एकाने आम्हाला महागडी पावडर विकली होती, ‘कॅन्सरच्या पेशी मरतात, संशोधन झालंय’ म्हणून. बाईंनी शांतपणे समजावलं की प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीतल्या पेशी खारट पाण्यानेही मरतात. बशीत, उंदरात की माणसांत, आणि माणसांत तर किती जणांत, हे विचारल्याशिवाय ‘संशोधन’ या शब्दाला भुलायचं नाही. हे दोन वर्षं आधी ऐकलं असतं तर मावशीच्या सोन्याच्या बांगड्या मोडल्या नसत्या.

तुमच्याकडे कदाचित कार-टी उपचाराचा विषय निघेल. यात पेशंटच्याच रोगप्रतिकारक पेशी बाहेर काढून, कॅन्सरवर हल्ला करतील अशा बदलून परत सोडतात. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलने मिळून घडवलेल्या आपल्या देशी उपचाराला 2023 मध्ये मंजुरी मिळाली, आणि ही खरंच मोठी गोष्ट आहे. पण तो ठरावीक प्रकारच्या रक्ताच्या कॅन्सरसाठी आहे. आईचा कॅन्सर वेगळा असेल तर उगाच आशा लावून घेऊ नका.

भर सभेत आईचे रिपोर्ट काढू नका. वक्ते तिचे डॉक्टर नाहीत, आणि खरे शास्त्रज्ञ तसा सल्ला देतही नाहीत. जे ऐकाल ते टिपून घ्या आणि पुढच्या केमोच्या वेळी तिच्या डॉक्टरांपुढे ठेवा. आणि जायच्या आदल्या रात्री आईजवळ बसून तिला काय जाणून घ्यायचंय ते विचारा, वहीच्या पहिल्या पानावर तेच लिहा. आम्ही मावशीला कधी विचारलंच नाही.